कळशीवरचं चौकोनी अक्षर

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. शाळेचं पुस्तक घरात नंतर आलं. त्याआधी वडिलांच्या खाकी पिशवीत गुलाबी, पिवळी, हिरवी पत्रकं असायची. वडील सातारा जिल्ह्यात रस्त्याच्या गँगवर कामाला होते. जिथे सभा असेल तिथून ते एक पत्रक जपून आणत आणि संध्याकाळी वस्तीतल्या दहा-बारा माणसांसमोर उभं राहून मोठ्याने वाचत. मी त्यांच्या पुढ्यात बसून कागदाच्या मागच्या बाजूने उमटलेली उलटी अक्षरं बघायचो. पुढे आम्ही बौद्ध झालो, पत्रकांतले शब्द बदलले, पण वाचायची रीत तीच राहिली. पत्रकात लिहिलेलं ते खरं, आणि खरं असेल ते उभं राहून वाचायचं, अशी माझी पक्की समजूत झाली. त्या कागदांत भीतीचा उल्लेख कुठेही नसे. ती मला माझ्याच अक्षराने शिकवली.

अठरा वर्षं पुरी झाली आणि सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागलो. कालव्यांचे आणि पुलांचे मूळ नकाशे पेन्सिलीने काढलेले असत. त्यांवर निळसर मेणकट कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघन्‌रेघ शाईने वर उतरवायची, हे आमचं काम. माझी नोकरी हंगामी होती. साहेबांची सही झाली की आणखी सहा महिने, पुन्हा सही, पुन्हा सहा महिने. अशी तीन वर्षं काढली की कायम करतात, असं सगळे सांगत. आमच्या वस्तीत सरकारी नोकरीत गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या कायम होण्याची वाट मी एकटाच बघत नव्हतो.

आमच्या ट्रेसरांच्या खोलीवर निवृत्तीला आलेले एक मुख्य आरेखक होते. त्यांना सगळे काका म्हणत. ते मिरजेहून सायकलने येत आणि आल्याआल्या आमच्या कापडांवर वाकून अक्षरं तपासत. “नकाशात माणूस दिसता कामा नये,” ते म्हणत. “तुझा हात दिसला की नकाशा बाद.” खरोखरच आम्ही पाचही जण एकसारखं अक्षर काढत असू. सकाळी एकाने अर्धं लिहिलेलं नाव दुपारी दुसऱ्याने पुरं केलं तरी सांधा सापडत नसे. मला ते फार आवडलं. अक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये, त्याचं गाव, त्याचं घर, त्याची जात काहीच कळू नये, यापेक्षा चांगलं अक्षर कोणतं?

त्याच सुमाराला कचेरीत मराठी टंकयंत्र आलं. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहत असे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी हरखून गेलो. कुठलीही कळ दाबा, यंत्राची गाडी सारखीच सरकायची. किडकिडीत र असो की ऐसपैस क्ष, दोघांना जागा एकच. पंगतीत जागेवरून माणसाला उठवणारं जग मी पाहिलं होतं. इथे लोखंडाच्या एका खोक्याने सगळ्या अक्षरांना सारखं पान वाढलं होतं. त्या वर्षी रशियाचा माणूस अवकाशात जाऊन आला होता. उद्याची अक्षरं यंत्रंच लिहिणार आणि ती अशीच असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. मात्र त्या यंत्रावरची अक्षरं जुनीच होती, बोरूच्या जाड-बारीक वळणाची. नव्या घरात जुनं सामान कोंबल्यासारखी. मी ठरवलं की नवी अक्षरं आपण काढायची.

चौकटीच्या कागदावर मी माझे कायदे लिहून घेतले. प्रत्येक अक्षराला सहा घरं रुंदी आणि नऊ घरं उंची. रेघेची जाडी सगळीकडे एक. सरळ रेघ आणि वर्तुळाचा पाव भाग, एवढंच वापरायचं. हाताने काही काढायचं नाही, सगळं पट्टीने आणि कंपासने. क, त, ल सहज बसले. र अंग चोरून उभा राही, तेव्हा त्याला पाय फाकवून उभं केलं. क्ष चौकटीत मावेना, त्याची गाठ सोडवायला तीन आठवडे गेले. पण खरं रडवलं ते कान्याने. काना म्हणजे एक उभी रेघ. तिला पूर्ण चौकट दिली की शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसायचा, आणि कमी जागा दिली की माझा कायदा मोडायचा. कायदा मोडायला मी तयार नव्हतो. शेवटी कान्याला खाली उजवीकडे वळणारा एक पाय काढला, बुटासारखा. चौकट भरली. अनुस्वाराचं टिंबही मी चौकोनी केलं. पुऱ्या शब्दावर शिरोरेषा ओढली की ती अक्षरं एका मापाच्या डब्यांच्या आगगाडीसारखी चालू लागत.

काकांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. “वाचता येतं, पण ओळखीचं वाटत नाही,” ते म्हणाले. आमचे साहेब तरुण होते, त्यांना मात्र गंमत वाटली. “हे रॉकेटवर लिहायचं अक्षर आहे रे! प्रदर्शनाच्या तक्त्यावर काढ.” सांगलीत शेतीचं प्रदर्शन होतं, त्यात कालव्याचा एक मोठा तक्ता लागला. त्यावर माझी अक्षरं हातभर उंचीची होती. दोन दिवस मी त्या तक्त्यासमोर अनोळखी माणसासारखा उभा राहून लोक काय म्हणतात ते ऐकत होतो. एक म्हातारा आपल्या सोबत्याला म्हणाला, “लय सरळ हाय गड्या हे, नांगर धरल्यावानी.” त्या शब्दांवर मी महिनाभर जगलो.

पुढच्या उन्हाळ्यात रजेवर गावी गेलो. आमचं गाव उंब्रजपासून चालत तासाभरावर. त्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी पितळेच्या कळश्या घेतल्या होत्या. त्याआधी घरोघरी मातीची भांडी, आणि पितळेचं असलं तर मोडीतून घेतलेलं, म्हणजे त्यावर दुसऱ्याचंच नाव. आमच्या शेजारच्या काकूंकडे कराडच्या कुण्या सावकारीणबाईचं नाव असलेला तांब्या होता आणि त्यावरून त्यांना सगळ्या ‘सावकारीण’ म्हणून चिडवत. आता कोऱ्या कळश्या होत्या आणि त्यांवर नाव घालायचं होतं. आईने कळशी माझ्यापुढे ठेवली. मी ट्रेसर, अक्षरांचा माणूस. मी छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसलो. गोल वळणाचं अक्षर छिन्नीला जमत नाही, ती सरळच चालते. माझी अक्षरं तर सरळ रेघांचीच. जणू पितळेसाठीच काढली होती. आईचं नाव सुरेख उमटलं, कान्यांच्या पायांसकट. मग शेजारच्या काकू आल्या, मग त्यांची जाऊ. दोन दिवसांत वस्तीतल्या अकरा कळश्यांवर मी नावं घातली आणि अकरा घरी चहा प्यालो.

त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला गावात सरकारी पैशाने पाण्याची टाकी झाली. चौकात चार तोट्यांचा नळ बसला. नळ पंचायतीच्या ताब्यात होता. पंचायतीने तोंडी ठरवलं की आमच्या बायकांनी सगळ्यांचं भरून झाल्यावर भरायचं आणि तोवर चार हात मागे उभं राहायचं. सगळ्यांचं भरून झालं की पुष्कळदा नळाच्या पेटीला कुलूप पडे. मग आई आणि बाकीच्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन नदीला जात. वडिलांनी दोन अर्ज केले. दोन्ही मी लिहिले होते. उत्तर आलं नाही.

मी पेटून उठलो. एका रविवारी बसून पत्रक लिहिलं. ‘कुलूप कोणाचे?’ असा मथळा, खाली चार परिच्छेद, शेवटी नाव नाही. सरकारी नोकराने असलं काही लिहिलं तर नोकरी राहत नाही, हे मला ठाऊक होतं. माझं हस्ताक्षर गावात सगळे ओळखत, कारण अर्धं गाव माझ्याकडून अर्ज लिहून घेई. छापखान्यात गेलो तर पत्रकावर छापणाऱ्याचं नाव घालावं लागतं, आणि त्यावरून लिहिणाऱ्याचा माग लागतो. मग मला माझी अक्षरं आठवली. पट्टी आणि कंपासने काढलेलं अक्षर, त्यात कुणाचा हात कसा दिसणार? काकांचंच वाक्य माझ्या मनात होतं. मेणाच्या स्टेन्सिल कागदावर मी लोखंडी लेखणीने तीन दिवस खपून ते पत्रक चौकट-चौकट कोरलं. मिरजेत सतारीचे भोपळे घासणारा माझा एक मित्र होता. त्याच्या गल्लीतल्या वाचनालयात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याने प्रती काढल्या, उंब्रजच्या बाजारात वाटल्या आणि आमच्या गावी जाऊन एक थेट टाकीच्या भिंतीला चिकटवली.

चार दिवसांनी कचेरीत वडिलांचं पोस्टकार्ड आलं. आमच्या खोलीत पोस्टकार्ड कुणाचंही असो, शिपाई ते काकांच्या टेबलावर ठेवी आणि काका ते आधी वाचत. “उघडं आहे म्हणजे सगळ्यांचं आहे,” असं ते हसून म्हणत. त्या दिवशी ते हसले नाहीत. कार्ड माझ्यापुढे ठेवून ते आपल्या जागेवर गेले. वडिलांनी लिहिलं होतं: ‘गावात नळाबद्दल पत्रक आले आहे. फार जोरदार आहे. मी वस्तीत उभे राहून वाचले. अक्षर हुबेहूब आपल्या कळशीवरच्यासारखे आहे, कान्याला तसाच बूट आहे. कोणी लिहिले असेल? तब्येत सांभाळ.’

मी ते तीनदा वाचलं. गावात माझं हस्ताक्षर ओळखतात म्हणून मी ते टाळलं होतं, आणि जे अक्षर निवडलं ते मीच अकरा कळश्यांवर ठोकून ठेवलं होतं. त्याच कळश्या रोज सकाळी नळासमोर रांगेत मांडलेल्या असत, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर ते पत्रक. एखाद्याने नुसती मान वळवली की पुरे. माझी नोकरी जाईल ती जाईल, पण नळाशी मी नसणार. तिथे आई असणार.

वडिलांचा राग आला नाही असं म्हणणार नाही. मग वाटलं, त्यांनी काय चूक केली? आपल्या मुलाचं अक्षर त्यांनी ओळखलं आणि त्यांना आनंद झाला. पण ते कार्ड उंब्रजच्या पोस्टातून आलं होतं. किती हातांतून आलं असेल?

काका कापडावरून मान वर न करता म्हणाले, “पोट दुखतंय ना तुझं? रजेचा अर्ज टाक.” आणि मग आणखी हळू, “प्रदर्शनाचा तक्ता साहेबांच्या खोलीत भिंतीला लावलाय. माहीत आहे ना?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. कराडला गाडी बदलली. उंब्रजला उतरून चालत जाताना वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे जास्त वेळ बघतोय असं वाटे. मी नजर खाली घालून चाललो. मी, ज्याने पत्रकात ‘मान ताठ ठेवा’ असं लिहिलं होतं.

घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. आई कुणाच्या तरी उसात भांगलायला गेली होती, वडील कामावर होते. कळशी चुलीशेजारी पालथी होती. पितळेवर आईचं नाव उन्हाच्या तिरिपेत स्पष्ट दिसत होतं. मी शेजारच्या काकूंकडे गेलो आणि त्यांच्या कळशीवरचं नाव घासून देतो म्हणालो. कारण सांगितलं नाही. त्यांना ते सांगायची गरजही नव्हती.

“घालताना एक कप चहा प्यालास,” त्या म्हणाल्या, “आता खरवडायला काय पिणार? माझं रगत?”

“काकू, ऐका माझं. अक्षर ओळखतील.”

“वळखू देत. आरं, इतकी वर्सं दुसरीच्या नावाचा तांब्या तोंडाला लावला. आता कुठं माझं नाव माझ्या भांड्यावर आलंय. ते म्या न्हाई खरवडू देणार. तुला भ्या वाटत असंल तर तुझ्या घरचं खरवड जा.”

मी माझ्या घरचं खरवडलं. बाजूच्या सुताराकडून कानस आणली आणि उंबऱ्यात बसून आईचं नाव घासलं. पितळ मऊ असतं, पण छिन्नीचा घाव खोल जातो. पिवळा चुरा मांडीवर पडत होता. आधी कान्यांचे पाय गेले, मग शिरोरेषा, मग बाकीचं. मला ते काम संपेपर्यंत कुणी येईल याची इतकी धास्ती होती की कानशीने अंगठा सोलला तरी कळलं नाही.

आई आली. तिने कळशी उचलली, तळव्याने ती जागा चाचपली.

“हे काय केलंस रं?”

मी सगळं सांगितलं. वडीलही तोवर आले होते. ते ऐकत उभे राहिले.

“म्हंजे तूच लिवलंस व्हय,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग तो गेला. “आणि भ्यालास?”

“तुमच्यासाठी.”

“आमच्यासाठी घाबर, असं आमी सांगितलं व्हतं का तुला?”

आई एवढंच म्हणाली, “असू द्या. पोराचा अंगठा बघा आधी.”

सकाळी मी आईला पाण्याला जाऊ नको म्हणालो. ती म्हणाली, “आज न्हाई गेली तर उद्या इचारतील, काल का न्हाई आली.” ती निघाली. मी तिच्या मागे गेलो आणि टाकीच्या कडेला आडोशाला थांबलो.

नळाजवळ पंचायतीचे एक सदस्य उभे होते. बागाईत जमीन, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, म्हणून गावात सगळे त्यांना हवालदारच म्हणत. त्यांच्या हातात भिंतीवरून सोललेलं पत्रक होतं. ते आरडाओरडा करणारे नव्हते, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटे. फौजेत प्रत्येकाच्या ट्रंकेवर नाव रंगवलेलं असतं आणि कोणत्या ट्रंकेवर कुणाचा हात आहे ते आपण सांगू शकतो, असं ते नेहमी सांगत. ते पत्रकाकडे बघत होते, मग खाली बघत होते. आमच्या बायकांच्या कळश्या चार हात मागे रांगेत मांडलेल्या होत्या, नावं पुढे करून. भांडं ठेवताना नाव पुढे करण्याची सवयच बायकांना लागली होती.

ते पहिल्या कळशीजवळ आले. ती शेजारच्या काकूंची होती.

“हे नाव कुणी घातलं गं?”

“पालीच्या जत्रंत,” काकू म्हणाल्या. “बसला व्हता एक नाव घालणारा.”

“त्याचं नाव काय?”

“आवं, नाव घालणाऱ्याला कोण नाव इचारतंय?”

दोघीतिघी हसल्या. दुसऱ्या कळशीलाही जत्रा, तिसरीलाही जत्रा. “मग समद्या एकदम जत्रंला गेल्या व्हता?” हवालदारांनी विचारलं.

“एकटीला कोण सोडतंय घरातनं?” काकूंच्या जावेने उत्तर दिलं.

मी आडोशातून ऐकत होतो. बायकांनी रात्रीतून आपसात ठरवलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. हवालदारांना ते पटलं नसेल, पण त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात ते आईच्या कळशीशी आले.

त्यांनी वाकून पाहिलं. इतर पितळ चिंचेने घासून घासून मऊ पिवळं झालेलं, आणि मधेच हाताच्या पंजाएवढा ओरखड्यांचा लखलखीत पट्टा. त्यांनी न शिवता त्यावर बोट रोखलं.

“हे कालचं हाय,” ते म्हणाले. “समद्यांची नावं हायत, तुझंच का खरवडलं?”

बाकीच्या बायकांकडे जत्रा होती, आईकडे काहीच नव्हतं. नाव असतं तर तीही जत्रेलाच जाऊन आली असती. तिची सबब मीच कानशीने घासून टाकली होती.

“मी काय इचारतोय? कुणाच्या भ्यानं खरवडलं?”

कुणी हसलं नाही. आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, ते आता कळशी लाथेने उडवतील. मला वाटलं, आपण पळावं, उंब्रज गाठावं, गाडी पकडावी. हे मी आज लिहितो आहे कारण ते खरं आहे. माझे पाय सडकेच्या बाजूला वळलेही होते. मग आईचा हात दिसला. तो कळशीवरची खरवडलेली जागा झाकत होता.

“मी खरवडलं,” मी आडोशातून बाहेर येत म्हणालो.

हवालदारांनी मान वळवली. “का रं?”

“भ्यालो म्हणून.”

“कशाला भ्यालास?”

“ते पत्रक माझं आहे.”

त्यांनी मारलं नाही. शिवीही दिली नाही. पत्रकाच्या चार घड्या केल्या, ते सदऱ्याच्या खिशात घातलं आणि विचारलं, “सरकारी नोकर न्हवं का तू?”

“होय.”

“मग तिकडंच बघू.” एवढं म्हणून ते गेले. मला मार चालला असता. त्या तीन शब्दांनी पुढचे दोन महिने मला झोपू दिलं नाही. सांगलीला परत गेलो. रोज सकाळी शिपाई टपाल घेऊन दारात दिसला की माझी लेखणी थबके आणि शाईचा ठिपका पडे. काकांनी माझी तीन कापडं बाद केली. “हात दिसतोय तुझा,” ते म्हणत, पण रागावत नसत. साहेब माझ्याशी बोलेनासे झाले होते. एक दिवस त्यांच्या खोलीतला तक्ता भिंतीवरून उतरवलेला दिसला. कुणी उतरवला, कशासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी लिफाफा आला. साताऱ्याला एका अधिकाऱ्यासमोर जबाब द्यायला हजर राहायचं होतं. आईलाही बोलावणं होतं, नळावर काय घडलं ते सांगायला. आम्ही दोघं साताऱ्यात स्टँडवर भेटलो आणि चालत कचेरीत गेलो. आधी आईचा जबाब झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याला शाई होती. मग मी आत गेलो.

अधिकारी वयस्क होते, थकलेले. टेबलावर पत्रक होतं आणि त्याशेजारी प्रदर्शनाच्या तक्त्याचा एक फोटो. म्हणजे तो सांगलीहून आला होता. त्यांनी दोन्हींवर बोट ठेवलं, पण काही विचारलं नाही.

“निनावी पत्रकाची आम्ही दखल घेत नाही,” ते म्हणाले. “नळाची तक्रार म्हणून हा कागद आमच्या लेखी नाहीच. तुम्ही हे आपलं म्हणून लिहून दिलंत, तर ती तक्रार होते. मग मला गावात माणूस पाठवून नळाची चौकशी करावी लागेल. आणि तुम्ही सरकारी नोकर असताना हे लिहिलं, म्हणून तुमचीही. नाही दिलंत, तर नळावर तुम्ही घाबरून काहीतरी बरळलात, असं मी लिहितो. तुमची फाइल मिटते.”

“आणि नळाची?”

“तीही मिटते.”

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “हाताने लिहा. साध्या अक्षरात.”

मी लेखणी घेतली. तीन वर्षांतली अडीच वर्षं झाली होती. वस्तीतले लोक विचारत, कायम झालास का रं? वडील तर सुट्टीच्या दिवशी माझ्या नेमणुकीचा कागदही पत्रकासारखा उभं राहून वाचत. पहिली ओळ वर चढली, दुसरी खाली उतरली. इतकं वाईट अक्षर मी पाटीवरही काढलं नव्हतं. पत्रक मीच लिहिलं, त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, नळाला कुलूप कोण लावतं आणि आमच्या बायका किती हात मागे उभ्या राहतात, हे सगळं लिहिलं. खाली सही केली. अधिकाऱ्यांनी टीपकागद दाबला आणि म्हणाले, “कळवू.”

आई बाहेर झाडाखाली बसली होती.

“काय लिवलंस?”

“मीच लिहिलं, असं.”

“नोकरी?”

“जाईल.”

तिने अंगठ्यावरची शाई पदराला पुसली. मग विचारलं, “नळाचं बघत्याल का?”

“माणूस पाठवतो म्हणाले.”

“अजून भ्या वाटतंय?”

“हो.”

“मला बी,” ती उठत म्हणाली. “चल. गाडी चुकंल.”

स्टँडवर कराडच्या गाडीला रांग होती. रांगेच्या टोकाला हवालदार उभे होते, त्यांचाही जबाब झाला असावा. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. आई चालत गेली आणि त्यांच्या मागे उभी राहिली, बाकी सगळे एकमेकांना खेटून उभे होते तशीच, मधे जागा न सोडता. हवालदारांचे खांदे ताठ झाले. ते पुढे सरकू शकत नव्हते, पुढे माणसं होती. मी आईच्या मागे उभा राहिलो आणि गाडी लवकर यावी म्हणून मनातल्या मनात घोकत राहिलो.